पक्ष बदलले, पाट तोच : बाळासाहेब विखे पाटील यांची संसदीय कारकीर्द

राजकीय पुढाऱ्याविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात गौरवग्रंथ आणि मृत्युलेख यांचाच भरणा मोठा. दोन्हींत पदांची यादी येते, संस्थांची यादी येते, भेटीगाठींची छायाचित्रे येतात. याद्या खोट्या नसतात. पण एखादा माणूस तीस-पस्तीस वर्षे एकाच मुलखातून निवडून का येत राहिला, आणि मधल्या एका निवडणुकीत का पडला, हे त्या याद्यांतून कळत नाही. एकनाथराव ऊर्फ बाळासाहेब विठ्ठलराव विखे पाटील (१९३२–२०१६) यांच्याविषयी मला जे काही वाचायला मिळाले त्याचे बरेचसे असेच आहे. म्हणून हा लेख त्यांच्या कार्याची नोंद घेण्यासाठी लिहिलेला नाही. ती नोंद लोणीत जागोजागी पाट्यांवर आहे. त्यांची कारकीर्द एखाद्या संहितेसारखी वाचली तर तिच्यात काय दिसते, एवढेच मला पाहायचे आहे.

आधी संहिता पाहू. १९७१, १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ अशा सलग पाच निवडणुकांत विखे काँग्रेसतर्फे कोपरगाव मतदारसंघातून लोकसभेवर गेले. १९९१ मध्ये शेजारच्या अहमदनगर मतदारसंघातून अपक्ष उभे राहिले आणि काँग्रेसच्या यशवंतराव गडाखांकडून पराभूत झाले. १९९८ मध्ये त्याच अहमदनगरमधून निवडून आले, पण शिवसेनेचे म्हणून. १९९९ मध्ये शिवसेनेतर्फेच पुन्हा कोपरगावला परतले, वाजपेयी मंत्रिमंडळात आधी अर्थ राज्यमंत्री आणि २००२ पासून अवजड उद्योगमंत्री झाले. २००३ च्या मे महिन्यात ते मंत्रिपद सेनेच्या दुसऱ्या खासदाराकडे गेले. २००४ ला विखे कोपरगावमधूनच निवडून आले आणि आता ते परत काँग्रेसचे होते. २०१० मध्ये पद्मभूषण.

या ओळी वाचून दोन शेरे हमखास मारले जातात. टीकाकार म्हणतात संधिसाधू. चाहते म्हणतात पक्षापेक्षा विकास मोठा. दोन्ही शेरे पक्ष हेच एकक धरून चालतात, आणि तिथेच ते अडखळतात. नगर जिल्ह्याच्या उत्तर भागात राजकारणाची बोली ऐकली तर पक्षाचे नाव फार उशिरा कानावर येते. तिथे 'गट' असतो. विखे गट, थोरात गट. कोपरगावला काळे आणि कोल्हे, राहुरीला तनपुरे, नेवाशाला गडाख आणि घुले. या प्रत्येक आडनावामागे एखादा साखर कारखाना, एखादी शिक्षणसंस्था आणि पाटाच्या पाण्याचा एखादा टापू उभा असतो. उमेदवार कोणत्या चिन्हावर उभा आहे हे मतदार विचारतो, नाही असे नाही. पण पत्रिका छापताना लग्नस्थळ विचारावे तसे विचारतो. सोयरीक आधीच ठरलेली असते.

विखे कोणत्या अर्थाने 'उजवे' किंवा 'परंपरानिष्ठ' होते, हा प्रश्न त्यांच्या सेनाप्रवेशानंतर अधूनमधून विचारला गेला. मराठीत या बाबतीत आपली शब्दांची अडचण आहे. पुराणमतवादी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सोवळे, संमतिवयाचा वाद, शंकराचार्यांची पीठे येतात. युरोपात, विशेषतः जर्मनीत, ग्रामीण परंपरानिष्ठ राजकारणाचा एक वेगळाच प्रवाह आहे आणि त्याचा उगम कर्जाच्या चोपडीत आहे. फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन हा वेस्टरवाल्ड भागातला एक महापौर. सावकाराच्या पाशातून शेतकरी सोडवायचा तर गावाने एकत्र येऊन एकमेकांची जामीनकी घ्यावी, अशा विचाराने त्याने १८६४ मध्ये हेडेसडॉर्फ येथे पतसंस्था उभी केली. त्याला क्रांती नको होती. गाव, चर्च, कुटुंब, जमिनीची मालकी हे सगळे जिथल्या तिथे राहावे आणि ते राहण्यासाठीच सहकार हवा, अशी त्याची धारणा. त्याचा समकालीन शुल्त्से-डेलिच हा मात्र उदारमतवादी खासदार. त्याचा सहकार शहरी कारागिरांचा.

यातला रायफायझनचा नमुना आपल्याकडे आला. मद्रास सरकारसाठी फ्रेडरिक निकल्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या पतसंस्थांवर मोठा अहवाल लिहिला, आणि त्याच विचारातून १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा झाला. म्हणजे प्रवरेच्या काठी गावच्या सोसायटीत कर्ज मागायला बसणारा शेतकरी नकळत जर्मन खेड्यातल्या एका परंपरानिष्ठ कल्पनेच्या ओसरीवर बसलेला असतो. जर्मनीत ही कल्पना पुढे थेट संसदेत आणि मंत्रिमंडळात पोहोचली. आंद्रेआस हेर्मेस हे वायमार प्रजासत्ताकात मंत्री होते. १९४५ मध्ये बर्लिनला ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्ष स्थापन करणाऱ्यांत ते होते, सोव्हिएत क्षेत्रातल्या जमीनवाटपाला विरोध केल्यामुळे त्यांना त्या पदावरून दूर व्हावे लागले, आणि पुढे शेतकरी संघटना आणि रायफायझन संघ या दोन्हींचे ते अध्यक्ष झाले. पक्ष, शेतकरी संघ आणि सहकारी संघ एकाच माणसात एकवटणे ही काही नगर जिल्ह्याची खासियत नव्हे.

विखे घराण्याची सुरुवात याच ओसरीवर होते. विठ्ठलराव विखे पाटील हे लोणीचे शेतकरी. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले आणि ऊस आला. पण साखर काढणारे कारखाने खाजगी कंपन्यांचे. हरिगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना हे त्यातले ठळक उदाहरण. पाणी सरकारचे, ऊस शेतकऱ्याचा आणि नफा कंपनीचा, अशी ती वाटणी होती. धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ अध्यक्ष आणि गावोगाव फिरून भाग गोळा करणारे विठ्ठलराव, अशा जोडीतून लोणीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याने पहिले गाळप केले. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून त्याचा उल्लेख होतो. १९६१ मध्ये विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली.

मुलाने वडिलांकडून कारखाना घेतला हे सगळेच सांगतात. मला महत्त्वाचे वाटते ते हे की त्याने कारखान्याची रीत घेतली. भागधारकाचा ऊस कारखान्याला बांधलेला, कारखाना त्याला बांधलेला. त्याच्या मुलाला शाळा, मग अभियांत्रिकी महाविद्यालय, मग ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय. प्रवरा परिसरात माणूस जन्मल्यापासून एकाच संस्थासमूहाच्या छताखाली वाढू शकतो. हे काम खरोखर मोठे आहे आणि ते कमी लेखण्यात मला रस नाही. लोणीसारख्या गावात १९८० च्या दशकात वैद्यकीय महाविद्यालय काढणे ही तेव्हा शहरातल्या माणसाला वेडेपणाची वाटावी अशी गोष्ट होती. पण याच छतामुळे मतदार आणि लाभार्थी यांच्यातली रेष पुसट होते, आणि पुढचे सगळे राजकारण त्या पुसट रेषेवर चालते.

१९७१ ते १९८९ हा काळ मी झटपट ओलांडतो. त्यात नाट्य कमी आहे. १९७७ मध्ये काँग्रेस उत्तर भारतात भुईसपाट झाली तेव्हाही कोपरगाव काँग्रेसकडे राहिले. १९७८ मध्ये पक्ष फुटल्यावर १९८० ला विखे इंदिरा गांधींच्या बाजूने निवडून आले. राज्यातल्या काँग्रेसमध्ये शरद पवारांशी त्यांचे जमले नाही, हे जगजाहीर आहे. या वर्षांत त्यांचा स्वतःचा म्हणावा असा एकच विषय सतत दिसतो, तो म्हणजे पाणी. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून समुद्राला जाणारे पाणी अडवून गोदावरीच्या तुटीच्या खोऱ्यात वळवावे, हा आग्रह त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. पक्ष कोणताही असो, मागणी हीच.

खरे वाचायचे ते १९९१. कोपरगावची काँग्रेसची उमेदवारी शंकरराव काळे यांना मिळाली, अहमदनगरची विद्यमान खासदार यशवंतराव गडाखांना. विखे अपक्ष म्हणून उभे राहिले ते घरच्या मतदारसंघात नव्हे, शेजारच्या. समोर गडाख, म्हणजे सोनईच्या मुळा कारखान्याचे संस्थापक. प्रवरा विरुद्ध मुळा, पाट विरुद्ध पाट. विचारसरणीचा फरक औषधालाही नाही. दोघेही काँग्रेसच्या मुशीतले, दोघेही सहकाराचे, दोघांचे मतदारही तेच. अशा लढतीत प्रचार कशावर करायचा? कार्यक्रम सारखाच आहे, तेव्हा उरतो तो माणूस. मग माणसावर बोलले जाते. या निवडणुकीत पैसा कोणी कसा वापरला, कोणाला दिला, अशा आशयाचे आरोप सभांतून झाले. गडाख थोडक्या मतांनी जिंकले आणि विखे न्यायालयात गेले.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमातले चौथे पोटकलम सांगते की उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल किंवा वर्तनाबद्दल, खोटे आहे हे माहीत असताना किंवा खरे असल्याचा विश्वास नसताना, निवडणुकीवर परिणाम होईल असे वस्तुस्थितीदर्शक विधान करणे हा भ्रष्टाचार आहे. 'वस्तुस्थितीदर्शक' हा शब्द इथे कळीचा. टीका चालते, टोमणा चालतो, उपरोध चालतो. वस्तुस्थिती म्हणून खोटे सांगणे चालत नाही. आता मराठी सभेतले भाषण डोळ्यांपुढे आणा. त्यात टोमणा कुठे संपतो आणि विधान कुठे सुरू होते? वक्ता म्हणतो 'म्हणे', वक्ता विचारतो 'कुठून आले?', आणि श्रोत्यांना काय ऐकायचे ते ते ऐकतात. ही सगळी हातचलाखी इंग्रजीत चालणाऱ्या न्यायव्यवहारापुढे ठेवली गेली. नगरच्या धुळीतल्या सभांवर देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने इतक्या बारकाईने विचार केल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. आपल्याकडे वक्तृत्वावर पुस्तके निघतात; पण प्रचारसभेच्या मराठीचे सर्वात काटेकोर वाचन साहित्यसमीक्षेत झालेले नाही, ते या खटल्यात झाले आहे, असे मी म्हणेन.

१९९३ मध्ये उच्च न्यायालयाने गडाखांची निवड रद्द केली आणि शरद पवारांच्या भाषणांवरही ठपका ठेवला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने निवड रद्द झाल्याचे कायम ठेवले, पवारांवरचा ठपका मात्र दूर केला. निकाल न्या. जे. एस. वर्मा यांचा. वरच्या नेत्यांनी प्रचाराची पातळी राखली तर ती खाली झिरपते, अशा अर्थाचे त्यांचे मतप्रदर्शन पुढे अनेक खटल्यांत आधाराला घेतले गेले. विखे यांना निवडून आल्याचे घोषित केले गेले नाही. १९९४ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि काँग्रेसचे मारुती शेळके निवडून आले. म्हणजे खटला जिंकूनही जागा मिळाली नाही.

या खटल्याकडे चाहते नैतिक विजय म्हणून पाहतात आणि विरोधक सूड म्हणून. मला त्यात दुसरेच काही दिसते. पक्ष जिथे पातळ होतो तिथे चारित्र्य हाच कार्यक्रम होतो. मतदाराला निवड करायला दुसरे काही उरत नाही, मग सभा माणसाच्या खिशाबद्दल बोलू लागते आणि अखेर न्यायाधीशाला ठरवावे लागते की काय बोलले गेले. जर्मन मतदाराला या बाबतीत एक सोय आहे. त्याच्याकडे दोन मते असतात, एक मतदारसंघातल्या माणसाला आणि दुसरे पक्षाच्या यादीला. गावचा कर्तबगार माणूस आवडतो पण त्याचा पक्ष नको, असे तो एकाच मतपत्रिकेवर म्हणू शकतो. बव्हेरियातला ख्रिश्चन सोशल युनियन तर फक्त बव्हेरियात लढतो आणि बर्लिनच्या संसदेत मोठ्या भावंडपक्षाबरोबर एकाच गटात बसतो. प्रदेशाची निष्ठा तिथे उघड आणि नोंदणीकृत आहे. नगरच्या मतदाराकडे एकच मत. त्यात त्याने माणूस, पाट आणि देश तिन्ही कोंबायचे. विखे यांनी पक्ष बदलले असे आपण म्हणतो तेव्हा, माझ्या मते, त्यांचा प्रादेशिक पक्ष एकच होता, फक्त तो कुठे नोंदवलेला नव्हता.

(जाता जाता एक नोंद. निकालानंतर चारच वर्षांनी, १९९७ मध्ये, नगरला सत्तरावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. अध्यक्ष ना. सं. इनामदार, स्वागताध्यक्ष यशवंतराव गडाख. साहित्यिकांपैकी कोणाला त्या निकालाची आठवण झाली की नाही, कोण जाणे. गडाखांनी आत्मकथन लिहिले, त्याचे नाव 'अर्धविराम'. विखे यांचे आत्मचरित्र त्यांच्या मृत्यूनंतर, ऑक्टोबर २०२० मध्ये, पंतप्रधानांच्या हस्ते प्रकाशित झाले, त्याचे नाव 'देह वेचावा कारणी'. एकाने व्याकरणातले चिन्ह निवडले, दुसऱ्यासाठी संतवाणीच्या वळणाचे शब्द निवडले गेले. कारण कोणते, हे दुसऱ्या शीर्षकात गृहीत धरलेले आहे. गौरवग्रंथांच्या भाषेची हीच खोड आहे. कारण विचारायचे नसते.)

सेनेतल्या वर्षांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, एक गोष्ट सोडून. अर्थ राज्यमंत्री असताना विखे यांच्या अध्यक्षतेखाली सहकारी पतरचनेच्या पुनरुज्जीवनावर एक समिती नेमली गेली. २००१ चा तिचा अहवाल कपूर समितीच्या नंतर आणि वैद्यनाथन समितीच्या आधी येतो, आणि कृषिपतपुरवठ्याच्या कोणत्याही अभ्यासात त्याचा उल्लेख सापडतो. हिंदुत्ववादी आघाडीच्या सरकारात बसून या माणसाने काय केले तर जिल्हा बँका आणि विकास सोसायट्यांची डागडुजी. पक्षाच्या झेंड्याखाली काय चालले होते हे यातून कळते. भगवा झेंडा आणि सोसायटीचे खतावणीपुस्तक यांचे एकमेकांशी भांडण नव्हते, कारण त्यांची ओळखच नव्हती.

इथवर मी विखे यांना त्यांच्याच तर्काने समजून घेतले. आता त्या तर्काचा हिशेब.

सहकारी संस्था वाचवणे म्हणजे शेतकरी वाचवणे, हे समीकरण प्रत्येक ठिकाणी सुटत नाही. मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेचे उदाहरण घ्या. ग्रामीण विद्युतीकरणाच्या सुरुवातीच्या प्रयोगांतून देशात ज्या मोजक्या वीज सहकारी संस्था निघाल्या त्यांतली ही एक. १९७० च्या सुमारास सुरू झाली, राहुरी-श्रीरामपूर पट्ट्यातल्या गावांना वीज देऊ लागली. कल्पना उत्तम, पाण्यासारखीच वीजही आपल्या हातात. पण ज्या संस्थेचा ग्राहक तिचा मतदारही असतो, तिथे बिल वसूल करणे म्हणजे मत घालवणे. वीज मंडळाची थकबाकी साचत गेली, वाद चिघळला आणि २०११ मध्ये परवान्याची मुदत संपल्यावर वीज वितरण महावितरणकडे गेले. कारखान्यात जी रेष पुसट झाल्याने लोणी घडली, तीच रेष पुसट झाल्याने ही संस्था गेली. गौरवग्रंथांत पहिली गोष्ट पानोपानी असते. दुसरी मी शोधली तेव्हा एखाद्या वाक्यात सापडली, कुठे तीही नाही.

दुसरा हिशेब पाटाबाहेरच्या माणसाचा. नगर जिल्हा एक नाही. उत्तरेला ऊस, दक्षिणेला पारनेर, पाथर्डी, जामखेड, कर्जत. पाथर्डीचा माणूस ऊस पिकवत नाही, तो ऊस तोडायला जातो. सहकाराच्या छतावर त्याचे नाव नाही. तो भागधारक नाही, मुकादमाची उचल घेतलेला मजूर आहे. रायफायझनच्या गावात भूमिहीन नव्हते असे नाही, पण त्याची योजना ज्याच्याकडे जामीन द्यायला काहीतरी होते त्याच्यासाठीच होती. परंपरानिष्ठ सहकाराची ही मर्यादा तिकडेही होती आणि इकडेही आहे; जे आहे ते राखायचे, तर ज्याच्याकडे काहीच नाही त्याचे काय राखणार? विखे १९९१ मध्ये आणि १९९८ मध्ये याच दक्षिणेत मते मागायला आले. मी दक्षिणेतला आहे, म्हणून हे कदाचित मला जास्त खुपत असेल. पश्चिमेचे पाणी वळवण्याची त्यांची मागणी दक्षिणेच्याही उपयोगाची होती, हे मान्य केले पाहिजे. पण ती मागणी ज्या व्यासपीठावरून होत असे तिथे ऊसतोड मजूर सहसा दिसत नसे.

तिसरा हिशेब कार्यकर्त्याचा. नेत्याचा पक्ष बदलतो तेव्हा गट त्याच्याबरोबर जातो, असे सहज म्हटले जाते. प्रत्यक्षात गावातला शिवसैनिक आणि गावातला काँग्रेसवाला हे दोघेही १९९८ ला गोंधळले आणि २००४ ला पुन्हा गोंधळले. ज्याच्या विरोधात भिंती रंगवल्या त्याच्याच सभेच्या खुर्च्या मांडायच्या. पक्ष ही गोष्ट नेत्यांना सोयीची वाटली तरी गावातल्या साध्या माणसाला ती कधीकधी एकमेव ओळख असते, आणि सोसायटीत त्याला कर्ज नाकारले गेले तर दाद मागायला तेवढेच एक दुसरे दार असते. गट आणि संस्था आणि पक्ष तिन्ही एकाच घरात असतील तर ते दारही त्याच वाड्यात उघडते.

२००८ च्या पुनर्रचनेत कोपरगाव हा लोकसभा मतदारसंघच नाहीसा झाला. त्याजागी शिर्डी आला, अनुसूचित जातींसाठी राखीव. लोणीच्या वाड्याला आपल्याच अंगणातून लोकसभा लढवणे अशक्य झाले, आणि २०१९ मध्ये बाळासाहेबांचे नातू सुजय विखे भाजपतर्फे उभे राहिले ते दक्षिणेतून, आजोबा जिथे १९९१ ला पडले होते त्याच अहमदनगरमधून. जिंकले. २०२४ ला तिथेच पारनेरच्या निलेश लंके यांच्याकडून हरले. त्याच वर्षी जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आणि वर्षाखेरीस बाळासाहेबांचे पुत्र राधाकृष्ण विखे यांच्याकडे राज्याच्या जलसंपदा खात्याचा गोदावरी आणि कृष्णा खोऱ्यांचा भाग आला. निळवंड्याच्या डाव्या कालव्यात त्याआधीच, २०२३ मध्ये, पाणी सुटले होते. पश्चिमेचे पाणी वळवण्याचा विषय आता त्याच घरातल्या मंत्र्याच्या टेबलावर आहे. पाथर्डीतून ऊसतोडीच्या गाड्या याही दिवाळीनंतर कारखान्यांच्या दिशेने निघतील.